हंगामापुरता स्टार
कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची) साखळी फुटबॉल स्पर्धा जवळ आली की आमच्या पेठांत पहिला प्रश्न असतो, ‘यंदा भायरचा कोण आणलाय?’ पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल हे संघ म्हणजे मुळातल्या तालमी. त्यांचा पैसा वर्गणीचा, देणगीदारांचा आणि निवडणूक जवळ असेल तर नेत्यांचाही. त्यातून कधी नायजेरियाचा गडी येतो, गोल मारतो, खांद्यावर मिरवला जातो नि हंगाम संपला की निघून जातो. तालमीकडे उरतात फक्त फोटो. मग दमदार खेळाडूला पाच वर्षांसाठी बांधावं का? अमेरिकेतल्या मिनेसोटा ट्विन्स या बेताच्या बेसबॉल संघानं घरच्याच जो मावर या खेळाडूशी २०१० मध्ये आठ वर्षांचा, १८ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला. तीन वर्षांत डोक्याला मार बसून त्याचं कॅचरचं (फलंदाजामागे चेंडू झेलण्याचं) काम सुटलं, पगार मात्र चालूच राहिला! श्रीमंत संघ असा फटका पचवतो, लहान संघाचं अख्खं बजेट अडकतं. तरी माझं मत लांबच्या कराराच्याच बाजूचं आहे, फक्त तो अठरा वर्षांच्या पोराशी व्हावा, तिशीतल्या नावाशी नव्हे. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच; पण तो घडला पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत. बाहेरच्या गड्याच्या एका हंगामाच्या मानधनात इथल्या दोन-तीन पोरांचा खुराक, बूट आणि दुखापतीचा विमा भागवायला काय हरकत आहे?