माडी भिजली? मग घाई नको!



तुमच्यापैकी किती जणांच्या आजोळी लाकडी माडी आहे? चालताना कुरकुरणारी, फळ्यांच्या फटीतून खालची पडवी दिसणारी, आणि वर कुणी दंगा केला की खालून ‘अरे, धूळ पडते ना रे डोळ्यांत!’ अशी आजीची हाक ऐकू येणारी? कोकणात, पुण्या-नाशिकच्या जुन्या वाड्यांत, वाई-सांगलीकडे अशी घरं आजही आहेत. आज आपण या माडीच्या जमिनीविषयी बोलू या. पण ती पाण्यात भिजली तर काय करायचं, याविषयी!

लाकडी जमिनीपर्यंत पाणी दोन वाटांनी पोचतं. एक वाट चोराची. कौल फुटतं, पन्हळ तुंबते आणि थेंब थेंब पाणी वर्षानुवर्षं एकाच जागी मुरत राहतं. दुसरी वाट दरोडेखोराची, म्हणजे पुराची. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, तेव्हा पुण्यातल्या नदीकाठच्या कितीतरी वाड्यांत पाणी शिरलं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा यांनी सांगली-कोल्हापूरला वेढा घातला. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी अनेक घरांत माणसाच्या उंचीच्याही वर गेलं.

पाणी ओसरतं, चिखल उरतो. फळ्या फुगलेल्या, दारं लागत नाहीत, सगळीकडे कुबट वास. अशा वेळी कुणीतरी हमखास म्हणतं, ‘‘टाका उपटून ते लाकूड, स्लॅब घालून मोकळे व्हा!’’ ऐकायला सोपं वाटतं. पण थोडं गणित करू या का? चार इंची, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या स्लॅबचं वजन एका चौरस मीटरला साधारण २४० किलो भरतं. एक इंच जाडीच्या सागवानी फळीचं वजन तेवढ्याच जागेला १६-१७ किलो. त्यात खालच्या कड्यांचं वजन धरलं, तरी फरक केवढा! मातीच्या नाहीतर जांभ्या दगडाच्या जुन्या भिंती हलकी माडी पेलायला बांधलेल्या असतात. त्यांच्यावर एकदम स्लॅबचा बोजा टाकणं धोक्याचं. म्हणून आधी बघायचं ते हे, की आहे ती माडी वाचते का. आणि बरेचदा ती वाचते, बरं का! फक्त घाई करायची नाही.

घाई का नाही, हे समजायला आधी लाकडाचा स्वभाव ओळखायला हवा.

लाकूड म्हणजे बारीक बारीक नळ्यांची जुडीच. झाड जिवंत असताना या नळ्यांतून पाणी वर चढायचं. झाड तोडलं, फळी झाली, तरी पाणी पिण्याची सवय सुटत नाही. फळी पाणी प्यायली की या नळ्यांच्या भिंती फुगतात. म्हणून फळी रुंदीला आणि जाडीला वाढते, लांबीला मात्र जवळजवळ नाहीच. वाळली की पुन्हा आकसते. हे फुगणं साधारण ३० टक्के ओलाव्यापर्यंतच चालतं. त्यापुढचं पाणी नळ्यांच्या पोकळीत नुसतं साठून राहतं.

३० टक्के म्हणजे काय? समजा, लाकडाचा एक तुकडा पूर्ण कोरडा असताना १०० ग्रॅम भरतो आणि ओला असताना १३० ग्रॅम. म्हणजे पाणी ३० ग्रॅम. ओलावा झाला ३० टक्के. सोपं आहे की नाही?

आता एक गंमत करून बघा. चित्रकलेच्या वहीत असतो ना तसला ट्रेसिंग पेपर घ्या. त्याचा बोटभर लांब तुकडा कापा आणि ताटलीतल्या पाण्यावर अलगद ठेवा. काय झालं? कागदाच्या कडा झटकन वर उचलल्या गेल्या! खालची बाजू पाणी प्यायली, फुगली. वरची कोरडी राहिली. मग कागद वाटीसारखा वळणार नाही तर काय? थोडा वेळ थांबा. पाणी आरपार पोचलं की कागद आपला आपण सपाट होतो.

माडीच्या फळ्यांचंही अगदी असंच होतं. पुरानंतर वरची खोली उघडी टाकली की फळीची वरची बाजू लवकर सुकते. पण खालच्या खोलीच्या भिंती आठवडेच्या आठवडे ओल सोडत राहतात, त्यामुळे फळीची खालची बाजू ओलीच. मग फळीच्या दोन्ही कडा वर येतात, मध्ये खळगा पडतो. चालताना पायाला धारा लागतात.

आणि इथेच सगळ्यात मोठी चूक होते. उतावळा माणूस रंधा घेतो आणि वर आलेल्या कडा तासून जमीन सपाट करून टाकतो. सणापुरती जमीन छान दिसते. पुढे उन्हाळ्यात खालची बाजू वाळते, आकसते, कडा खाली बसतात. पण त्या तर आता पातळ झालेल्या! मग प्रत्येक फळीची पाठ कासवासारखी वर येते. तासलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही. थांबला असता, तर बऱ्याच फळ्या त्या कागदासारख्या आपोआप सरळ झाल्या असत्या.

मग थांबायचं तरी किती? याचं उत्तर हवा देते. लाकूड सतत भोवतालच्या हवेशी पाण्याची देवाणघेवाण करत असतं. ऐन पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते, तेव्हा लाकूड कितीही वाळवलं तरी त्याचा ओलावा १८ टक्क्यांच्या खाली उतरायला तयार नसतो. उन्हाळ्यात कोरड्या हवेच्या गावी तोच सहा-सात टक्क्यांपर्यंत येतो. म्हणजे श्रावणात घट्ट बसवलेल्या फळ्यांमध्ये वैशाखात फटी पडणारच. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये माडी भिजली, तर त्या दिवसांत करायचं फक्त साफसफाईचं आणि वाळवण्याचं काम. सुतारकामाला हात घालायचा तो दिवाळीनंतर.

तोवर हातावर हात ठेवून बसायचं का? छे! कामं भरपूर आहेत. ती ओळीने पाहू.

पहिलं काम सुरक्षिततेचं. घरातली वीज मुख्य बटणापाशी बंद हवी. कुणीतरी जाणत्या माणसाने खालून कड्या आणि तुळया तपासल्याशिवाय माडीवर कुणीही जायचं नाही. तुम्ही मुलांनी तर नाहीच नाही. पुराच्या चिखलात गटाराची घाण असते, लेप्टोसारख्या रोगाचे जंतू असतात. त्यामुळे पायांत गमबूट आणि हातांत रबरी मोजे हवेतच.

दुसरं काम ओझं उतरवण्याचं. वाड्यांमधल्या कडीपाटाची रचना ठाऊक आहे ना? भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड तुळया, त्यांच्यावर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या आणि बऱ्याच ठिकाणी फळ्यांवर मातीचा थर. ३ मीटर रुंद आणि ४ मीटर लांब खोलीत १० सेंटिमीटर मातीचा थर असला, तर ती माती भरते १.२ घनमीटर. तिने आपल्या आकाराच्या पाव हिस्सा पाणी शोषलं, तर झालं ३०० लिटर. म्हणजे ३०० किलो जादा वजन! जणू पाच मोठी माणसं रात्रंदिवस माडीवर बसून राहिलीत. म्हणून खालून टेकू देऊन ही ओली माती थोडी थोडी करत काढावी लागते. नुसत्या फळ्यांची माडी असेल, तर फटींतला चिखल सुकून दगड होण्याआधीच धुऊन काढायचा.

तिसरं काम वाऱ्याला वाट देण्याचं. सुतारकाका दर तीन-चार फळ्यांमागे एक फळी उचकटून काढतात, म्हणजे हवा वर-खाली खेळते. काढलेल्या प्रत्येक फळीवर खडूने नंबर घालायचा आणि तोच नंबर कागदावरच्या नकाशात लिहायचा. हे काम तुम्ही मुलं झकास करू शकता! पन्नास फळ्या काढल्यावर कुठली कुठे होती, हे कुणाच्याच लक्षात राहत नाही. फळ्या सावलीत, मध्ये बारीक पट्ट्या ठेवून एकावर एक रचायच्या. कडक उन्हात टाकायच्या नाहीत. वरचा भाग भराभर वाळून आकसतो, आतला ओला राहतो, आणि ताण न सोसून लाकूड तडकतं.

लाकूड वाळलं की नाही, हे कसं कळायचं? सुतारांकडे कधी कधी ओलावा मोजायचं छोटं यंत्र असतं. नसलं तर साधी युक्ती आहे. भिजलेल्या फळीचा एक तुकडा घ्या आणि दर रविवारी त्याचं वजन करून वहीत लिहा. आकडा उतरत उतरत जाईल आणि एका आठवड्याला थांबेल. तो दोन-तीन आठवडे हललाच नाही, तर त्या तुकड्याने हवेशी जमवून घेतलं असं समजा. जाड तुळयांना मात्र यापेक्षा जास्त वेळ लागतो.

चौथं काम डॉक्टरकीचं. लाकूड पाण्याने कुजत नाही, बुरशीने कुजतं. बुरशीला जगायला अन्न, हवा, ऊब आणि ओल अशा चार गोष्टी लागतात. इटलीतल्या व्हेनिस शहराच्या इमारती पाण्याखाली ठोकलेल्या लाकडी खांबांवर शेकडो वर्षं उभ्या आहेत, कारण चिखलात आणि पाण्यात बुरशीला हवाच मिळत नाही. आपल्या माडीला पहिल्या तिन्ही गोष्टी मिळतात. आपल्या हातात आहे ती फक्त ओल तोडणं. ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला, की बुरशी हातपाय पसरू शकत नाही.

तपासणी कशी करतात? ठोकून आणि टोचून. निरोगी लाकूड टणक वाजतं, कुजलेलं भदभद वाजतं. टोच्याचं टोक निरोगी लाकडात जेमतेम शिरतं, कुजलेल्यात लोण्यात सुरी जावी तसं जातं. सगळ्यात आधी बघायची ती भिंतीत शिरलेली तुळईची टोकं. भिंत ओल धरून ठेवते, म्हणून रोगाची सुरुवात बहुतेक तिथेच होते. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर वाळवीही पाहुणी आली आहे असं समजावं. सागाचा आतला गडद गाभा वाळवीला आणि बुरशीला सहजी दाद देत नाही. बाहेरचा फिकट भाग मात्र सागाचा असला तरी कच्चाच.

पाचवं काम शस्त्रक्रियेचं. कुजलेला भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापून काढायचा आणि त्या जागी त्याच जातीचा, पूर्ण वाळलेला तुकडा सांधायचा. सागाला साग, फणसाला फणस. नव्या तुकड्याच्या रेषा जुन्या फळीच्या रेषांच्या दिशेनेच धावायला हव्यात, नाहीतर दोन्ही वेगवेगळ्या फुगतील आणि सांधा उकलेल. कडी थोडीशीच खराब असेल, तर ती न काढता तिच्या बगलेला नवी कडी बोल्टने जोडतात, पायाला दुखापत झाली की आधाराची पट्टी बांधतात ना, तशी! फळ्या परत बसवताना भिंतीलगत थोडी फट ठेवायची. पुढच्या पावसाळ्यात फुगायला त्यांना जागा नको का?

आणि आता, अगदी शेवटी, रंधा आणि पॉलिश पेपर!

थोडं आई-बाबांसाठी : जमिनीला जवसाचं तेल लावणार असाल, तर तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि फडक्यांचा ढीग आपोआप पेटू शकतो. फडकी उघड्यावर एकेक पसरून वाळवा. जुना तैलरंग खरवडताना मुलांना लांब ठेवा, कारण जुन्या रंगांत शिसं असू शकतं. आणि हे सगळं करण्याआधी पाणी आलं कुठून ते शोधा. फुटलं कौल तसंच ठेवून खालची फळी बदलणं म्हणजे भोक असलेल्या घागरीत पाणी भरणं.

तेव्हा दोस्तांनो, या सुट्टीत आजोळी गेलात की एक करा. माडीखाली उभं राहून वर बघा. तुळया किती, कड्या किती, कुठे काळे डाग आहेत का, कुठे ओल दिसते का, हे नीट टिपून घ्या आणि आजोबांना दाखवा. एखादा डाग वेळेवर दिसला, तर एका कौलावर काम भागतं. नाही दिसला, तर अख्खी तुळई बदलावी लागते.

तुमच्या निरीक्षणांच्या वहीत काय काय सापडलं, ते आम्हाला जरूर लिहून पाठवा. भेटू या, पुढच्या आठवड्यात!