टर्फ टाकण्यापूर्वी पाण्याची वाट काढा

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत खाडीकाठच्या गावांतून सध्या परसदारी टर्फ टाकून घेण्याची हौस वाढली आहे. आखातातून परतलेला गृहस्थ घरामागची पडीक जागा सपाट करतो, चहूबाजूंनी जाळी बांधतो, चार दिवे लावतो आणि मुलांना दारातच क्रिकेट, फुटबॉल खेळता येते. कोणी हीच जागा तासाच्या भाड्याने देतो. या कामात पैसा आहे आणि तो आपल्या कारागिरांच्या हाती यावा, असे आम्हाला मनापासून वाटते. मात्र आज ज्या रीतीने हे काम चालले आहे, ती रीत गिऱ्हाइकाला खड्ड्यात घालणारी आहे आणि त्याच्यामागोमाग कारागिरालाही.

आमच्या पाहण्यातली एक गोष्ट. मे महिन्याच्या मध्यावर एका परसात लाल मातीवर रोलर फिरवून, वर खडीचा पातळ थर पसरून टर्फ टाकले गेले. दिसायला गालिचा. जूनच्या पावसात खालची माती फुगली, रोलच्या भोकांतून चिखल वर आला, सांधे सुटले. ऑगस्टपर्यंत शेवाळ धरून पाय घसरू लागला. शहरातून रोल आणणाऱ्याने फोनवर सांगितले की माल उत्तम आहे, जमीन वाईट. गावाने बोल लावला तो रोजावर खडी पसरणाऱ्या आपल्या गवंड्याला. शहरवाला पुन्हा त्या गावात येणार नाही. गवंड्याला मात्र तिथेच राहायचे आहे.

कृत्रिम गवत प्रथम गाजले ते १९६६ साली अमेरिकेतील ह्यूस्टनच्या छप्पर असलेल्या मैदानात. छपराखाली नाव झालेली वस्तू आपण कोकणच्या पावसाखाली अंथरतो, हे विसरून चालणार नाही. साधा हिशेब करून पाहू. तीस फूट बाय साठ फूट म्हणजे अठराशे चौरस फुटांचे टर्फ. कोकणात पावसाळ्यात दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस काही नवलाचा नव्हे. तेवढ्या पावसात या एवढ्याशा जागेवर सुमारे सोळा-सतरा हजार लिटर पाणी पडते, म्हणजे दहा हजारी टँकरने दीड टँकरच्या वर. रोलला भोके असतात, पाणी खाली जाते. पण खालून पुढे ते कुठे जाणार, हे आधी ठरलेले नसते.

म्हणून आमचे मत असे की या धंद्यात गवत सर्वांत शेवटी येते. आधी माती उकरावी, उतार धरावा. शंभर फुटांस एक फूट उतार पुरे, म्हणजे तीस फुटांच्या रुंदीत साडेतीन इंच. खेळणाऱ्याला तो जाणवतही नाही. उताराच्या कडेला चर खणून भोकांचा पाईप टाकावा आणि त्याचे तोंड परसाबाहेर गटारात किंवा पऱ्ह्यात सोडावे (शेजाऱ्याच्या वाडीत नव्हे, त्यावरून झालेली भांडणे आम्ही ऐकली आहेत). मातीवर जिओटेक्स्टाइल कापड, त्यावर दाबलेली सहा इंच खडी. अठराशे फुटांना ही नऊ ब्रास भरते. दाबल्यावर खडी बसते, तेव्हा अकरा-बारा ब्रास धरावी. खाजणाच्या जागेत तर पावसाळ्यात खालचेच पाणी वर येते. तिथे भराव करून जोते उचलल्याखेरीज काम घेऊच नये. आणि कातळ म्हणजे पाणी मुरतेच, असेही नाही. त्याच्या खळग्यांत ते साचून राहते. किनाऱ्याला लागून जागा असेल तर सीआरझेडचे नियम आधी विचारून घ्यावेत.

सांध्याचा गोंद ओल्या पाठीवर धरत नाही. दमट हवेत काही गोंद फेसाळतो. सांधे नोव्हेंबर ते मार्च या कोरड्या दिवसांत, दव सुकल्यावर जोडावेत. गिऱ्हाईक ईदेआधी, लग्नाआधी म्हणून घाई करते आणि आपण मेच्या अखेरीस हो म्हणतो. इथे नाही म्हणण्याची हिंमत हवी. रोल घेताना पाठीचा लेपही विचारावा. पॉलीयुरेथेनचा लेप महाग पडतो, पण सततच्या ओलीत लॅटेक्सपेक्षा टिकतो. खांबांना नुसता रंग पुरत नाही, खारी हवा तो खाते. जस्ताच्या गरम मुलाम्याचे पाईप घ्यावेत आणि वेल्डिंगच्या जागी झिंकचा हात द्यावा.

एक गोष्ट रबराच्या काळ्या दाण्यांची. युरोपीय संघाने २०२३ मध्ये नियम करून ऑक्टोबर २०३१ पासून मैदानात भरण्यासाठी असे प्लास्टिक-रबराचे दाणे विकण्यास बंदी ठरविली आहे. आपल्याकडे तर पहिल्याच मुसळधार पावसात ते वाहून खाडीत जातात. घरच्या टर्फला धुतलेली सिलिका वाळू बरी. पुळणीची वाळू फुकट दिसली तरी घेऊ नये. ती उपसणे बेकायदा आणि तिच्यातले मीठ लोखंडाला लागते.

आता पैशाचे. आपल्यात खडीवाले आहेत, गवंडी, वेल्डर, जाळी विणणारे आहेत. सगळे सुटे सुटे, रोजावर, शहरच्या ठेकेदाराच्या हाताखाली. तीन-चार जणांनी मिळून काम अंगावर घ्यावे आणि दरपत्रकात पायाचा खर्च गवतापासून वेगळा लिहावा. पाया वगळा, स्वस्तात करा, असे गिऱ्हाईक म्हणाले तर ते काम सोडावे. दोन पावसाळ्यांची हमी कागदावर द्यावी. आणि रोल उलगडण्यापूर्वी घरमालकाला समोर उभे करून उघड्या खडीवर टँकर सोडावा. पाणी चरातून बाहेर पडताना त्याने स्वतः पाहावे, मगच उरलेले पैसे मागावेत.