हवेवर मालकी कोणाची?

मोबाईल, वाय-फाय हे विषय विज्ञान शाखेकडे सोपवून आपण कला शाखेचे लोक मोकळे होतो. फार तर त्यांच्या दुष्परिणामांवर निबंध लिहितो. वस्तुतः अनेक यंत्रांनी एकाच हवेत बोलायचे कसे, हा प्रश्न जितका अभियांत्रिकीचा तितकाच राज्यशास्त्राचाही आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. नॉर्मन अब्रॅमसन (१९३२–२०२०) या संशोधकाचे काम पाहिले की हे मत अधिकच पक्के होते.

अब्रॅमसन हवाई विद्यापीठात प्राध्यापक होते. पॅसिफिक महासागरातली ती बेटे त्यांना भावली, त्यात फळी घेऊन लाटांवर स्वार होण्याच्या त्यांच्या छंदाचा वाटा मोठा होता. (विद्वानांना असली व्यसने अवश्य असावीत!) विद्यापीठाचा मोठा संगणक होनोलुलूत, आणि त्याची महाविद्यालये निरनिराळ्या बेटांवर विखुरलेली. दूरध्वनीच्या तारा महाग आणि बेभरवशाच्या. तेव्हा तारेऐवजी रेडिओलहरींनी संगणक जोडावेत असे त्यांच्या गटाने ठरवले आणि जून १९७१ मध्ये ‘अलोहानेट’ सुरू झाले. मध्यवर्ती यंत्राला त्यांनी ‘मेनेहुने’ हे नाव दिले. हवाईच्या लोककथांत रात्रीतून बांधकामे उरकणारे जे बुटके लोक येतात, त्यांचे हे नाव. लोकसाहित्य शिकणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

लहरी वाटण्याची रूढ पद्धत म्हणजे प्रत्येकाला वेगळा पट्टा नेमून देणे. पण संगणकापुढे बसलेला माणूस बहुतेक वेळ विचारच करीत असतो. दोन ओळी टंकतो आणि थांबतो. त्याच्या नावचा पट्टा मग रिकामाच पडून राहतो. अब्रॅमसन यांनी सर्वांना मिळून एकच पट्टा दिला आणि परवानगीची अटच काढून टाकली. सांगायचे असेल तेव्हा छोटासा संदेश सोडा. पोचल्याची खूण परत आली तर उत्तम. न आल्यास दुसऱ्या कोणाच्या संदेशाशी टक्कर झाली असे समजा, थोडे थांबा आणि पुन्हा पाठवा. हे ‘थोडे’ प्रत्येकाचे निराळे, नशिबाने ठरणारे. कारण दोघेही सारखाच वेळ थांबले तर पुन्हा टक्कर ठरलेलीच. आपल्या वादविवाद मंडळात अध्यक्ष गैरहजर असले की नेमके हेच घडते, आणि तरीही सभा पार पडते.

या मोकळेपणाची किंमत अब्रॅमसन यांनी लपवली नाही, गणिताने मोजून दाखवली. अशा पट्ट्याचा जास्तीत जास्त १८ टक्के भागच कामी येतो. त्यापुढे बोलणारे वाढले की पोचणारे संदेश उलट कमी होतात. १९७२ मध्ये लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी वेळेचे समान तुकडे पाडून प्रत्येकाने तुकड्याच्या आरंभीच बोलावे असे सुचवले, तेव्हा हा आकडा दुप्पट, म्हणजे ३७ टक्क्यांच्या आसपास गेला. मोजका ताल पाळला, एवढेच. मालक नेमावा लागला नाही.

या गटाने निबंध छापले, पेटंटच्या मागे तो लागला नाही. ते निबंध वाचून रॉबर्ट मेटकाफ यांना १९७३ मध्ये ‘इथरनेट’ सुचले. आज आपल्या खिशातला मोबाईल मनोऱ्याकडे पहिली हाक घालतो तेव्हा त्याला स्वतंत्र जागा मिळालेली नसते; ती पहिली हाक तो अलोहाच्याच रीतीने घालतो. वाय-फाय तर आधी कानोसा घेते आणि मगच बोलते. त्यासाठीचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा अमेरिकेने १९८५ मध्ये आणि भारताने २००५ मध्ये विनापरवाना खुला केला.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये, क्रिकेटच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात, हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. तरी व्यवहारात आपण त्यांच्याकडे शहरातल्या भूखंडासारखे पाहतो: आखा, बोली लावा, विका. पण भूखंडावर एकदा घर झाले की दुसरे होत नाही. लहर मात्र माझे वाक्य संपताक्षणी तुमच्यासाठी मोकळी असते. लिलाव नकोतच असे मी म्हणत नाही. खेडोपाडी मनोरे उभारायला कोट्यवधी रुपये लागतात, आणि ते घालणाऱ्याला निर्वेध पट्टा हवाच. गर्दी वाढली की मोकळी रीत कोलमडते, हेही अब्रॅमसन यांच्याच गणिताने सिद्ध झाले आहे. मात्र लिलावाच्या बातम्यांत तिजोरीत किती कोटी आले एवढेच छापून येते. सर्वांसाठी किती पट्टा मोकळा ठेवला, हे कोणी विचारत नाही. ते विचारायला अर्थशास्त्राच्या किंवा राज्यशास्त्राच्या तासाला कोणाची हरकत असू नये.