वर्गणी गावाची, संस्था गावाची

हिंगणघाट तालुक्यातलं अल्लीपूर हे कापसाच्या मुलखातलं मोठं गाव. अशा गावातल्या तरुणाचं मन खचलं की चर्चा कर्ज, भाव आणि बोंडअळी यांच्याभोवती फिरते. ती कारणं खरीच आहेत. 2006 मध्ये केंद्र सरकारनं विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यांत वर्धा होता. त्या रकमेतला मोठा वाटा सिंचनाला आणि व्याजमाफीला होता. घरातल्या ताणाला त्या हिशेबात फारशी जागा नव्हती. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा 2022 चा अहवाल मात्र सांगतो की देशातल्या आत्महत्यांपैकी 31.7 टक्के कौटुंबिक समस्यांशी जोडल्या गेल्या, 18.4 टक्के आजारपणाशी. आणि जीव गमावणाऱ्यांतले साधारण एक तृतीयांश 18 ते 30 या वयाचे होते. पोलिसांच्या रकान्यात एकच कारण मावतं, माणसाच्या आयुष्यात अनेक असतात, हे मान्य. तरीही बाप-लेकाचा अबोला, लग्न न जमणं, परीक्षेतलं अपयश, नवऱ्याची दारू, सुनेचा कोंडमारा या गोष्टी वावरातल्या नुकसानीइतक्याच जीवघेण्या ठरतात, हे यातून दिसतं. त्या सगळ्यांत आधी ओळखू येतात त्या गल्लीतल्या माणसाला. म्हणून तरुणांच्या आणि कुटुंबांच्या मनाची काळजी घेणारी संस्था गावाची स्वतःची असावी, तिच्यात गावाची वर्गणी असावी, असं मी आग्रहानं म्हणते.

गावातली साधी माणसं हे काम करू शकतात का, याचं उत्तर विदर्भातच मिळालं आहे. ‘विश्राम’ या उपक्रमात 30 गावांमध्ये स्थानिक कार्यकर्त्यांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं गेलं, छोट्या बैठकांमधून मनाच्या आजाराविषयी बोलणं सुरू झालं, आणि गरज पडेल तेव्हा रुग्णाला डॉक्टरांशी जोडून दिलं गेलं. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, नैराश्यानं ग्रासलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. तुलनेसाठी वेगळी गावं निवडलेली नव्हती, ही त्या अभ्यासाची मर्यादा आहे, आणि चारातले तीन जण तरीही मदतीपासून दूरच राहिले. पण सहा पटींची ही वाढ नव्या इमारतीमुळे झालेली नाही. ओळखीचं माणूस दारात येऊन बसलं, त्यातून झाली.

खरी अडचण पुढे येते. प्रकल्प संपतो, निधी थांबतो, कार्यकर्ती दुसरीकडे रुजू होते. यावरचा विचार वर्धा जिल्ह्यानं फार आधी केलेला आहे. 1969 मध्ये डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकारानं सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, आणि त्याच संस्थेतले डॉ. उल्हास जाजू यांनी भोवतालच्या गावांत आरोग्यविम्याची योजना उभी केली. तिची वर्गणी ज्वारीत गोळा व्हायची. सुगीच्या वेळी, ज्याची जमीन जास्त त्यानं जास्त द्यायचं, भूमिहीनानं थोडं. आणि गावातली किमान 75 टक्के घरं सामील झाली तरच गाव योजनेत. ही अट मला पैशापेक्षाही मोलाची वाटते. तिच्यामुळे गावातल्या जाणत्यांना मजुरांच्या वस्तीत जाऊन बसावंच लागतं. एका आळीची योजना होऊन ती थांबत नाही. पुढे 2003 पासून याच महाविद्यालयानं आंजी, गौळ आणि तळेगाव या आरोग्य केंद्रांच्या 67 गावांत बालआरोग्याचा प्रकल्प राबवला. बाहेरचा निधी कधीतरी संपणार हे धरूनच त्यात गावागावांत समन्वय समित्या बांधल्या गेल्या. किशोरवयीन मुलींच्या किशोरी पंचायतीही याच संस्थेच्या कामातून उभ्या राहिल्या. मुलींनी एकत्र बसावं आणि स्वतःच्या शरीराविषयी, लग्नाच्या वयाविषयी बोलावं, हे याच जिल्ह्यात होऊन गेलं आहे. अल्लीपूरला त्यासाठी दूरचे दाखले लागत नाहीत.

हे तर सरकारचं काम, असा आक्षेप येईल. काम सरकारचंच आहे. 2017 च्या कायद्यानं मानसिक आरोग्यसेवा हा हक्क केला आहे, शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प आला, 14416 हा टेलिमानसचा क्रमांक कोणालाही लावता येतो. परंतु त्या क्रमांकापर्यंत खचलेल्या माणसाला कोणीतरी न्यावं लागतं. आशाताईंच्या माथी आधीच लसीकरणापासून सर्वेक्षणापर्यंत सगळं आहे. दारूबंदीचंही तेच: वर्धा जिल्ह्यात ती कित्येक दशकं आहे, तरी चोरटी दारू घराघरांत पोचतेच, आणि ती सोडू पाहणाऱ्याच्या पाठीशी रोज उभं राहणं कायद्याला जमत नाही. गावची संस्था सरकारची जागा घेणार नाही. ती सरकारी डॉक्टरला महिन्यातून एकदा गावात यायला भाग पाडेल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: गावात बोललेलं गावभर होतं. सासूच्या मैत्रिणीपुढे सून काय बोलणार? जातीच्या वस्त्यांमध्ये विभागलेल्या गावात, वरच्या आळीतल्या कार्यकर्त्याकडे मजुराचा मुलगा का जाईल? या भीतीला नुसत्या आश्वासनानं उत्तर देता येत नाही, व्यवस्थेनं द्यावं लागतं. समुपदेशन करणारी बाई शेजारच्या गावची असावी आणि अल्लीपूरच्या बाईनं तिच्या गावी जावं. बसायची जागा अशी हवी जिथे अभ्यासिका, शिवणवर्ग, बचत गटाची बैठकही होते, म्हणजे दारात शिरणाऱ्याकडे बघून कोणी अंदाज बांधणार नाही. नोंदवहीत नाव नको, खूण पुरे. गुपित फोडलं तर त्याच दिवशी काम बंद, हा नियम पहिल्या बैठकीत मंजूर व्हावा. मारहाण किंवा लहान मुलावरच्या अत्याचाराची गोष्ट मात्र कार्यकर्तीनं पोटात ठेवायची नाही, कायद्याच्या वाटेनंच न्यायची. हेही येणाऱ्याला आधीच सांगावं.

राहिला पैसा. ज्वारीचा पेरा घटला, आता वर्गणी सोयाबीन विकल्यावर रोखीत येईल. एकरावर ठरवलेली रक्कम, भूमिहीनांकडून नाममात्र, आणि समितीत मत सगळ्यांचं सारखं. बाहेरची देणगी घ्यावी, पण कार्यकर्तीचं मानधन तिच्यावर अवलंबून नसावं. समितीत निम्म्या बाया, दोन जागा पंचविशीच्या आतल्यांना, आणि निवडणूक लढवणाऱ्याला जागा नाही. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घेता येईल. तोवर कापसाची वेचणी बरीचशी उरकलेली असते, घरात थोडा पैसा आलेला असतो, आणि बारावीची परीक्षा तोंडावर असते.