पाहायला शिकू या

दहावीचा निकाल लागला, की घरोघर एकच प्रश्न ऐकू येतो. पुढे काय? कोणी विज्ञान शाखेचे नाव घेतो, कोणी तंत्रनिकेतनाचे. कोणाला शिक्षक व्हायचे असते, तर कोणाला जहाजावर नोकरी हवी असते. अशी उत्तरे ऐकून घरातील मोठी माणसे समाधानाने मान डोलावतात. पण समजा, मालवणच्या किनाऱ्यावरील एखाद्या घरात मुलगा म्हणाला, ''मला चित्रपट शिकायचा आहे,'' तर काय होईल? आई हातातले काम थांबवून त्याच्याकडे पाहत राहील. आजोबा म्हणतील, ''सिनेमा शिकूक कॉलेज कित्याक व्हया? तिकीट काढ नि बघ!'' आणि हेच वाक्य मुलगी बोलली, तर आजोबा थट्टासुद्धा करणार नाहीत. घरात शांतता पसरेल.

मुलांनो, या आजोबांना तुम्ही हसू नका. त्यांची काळजी खरी आहे. चित्रपटाच्या धंद्यात आज काम मिळते, उद्या मिळत नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार हातात पडेलच, असे कोणी सांगू शकत नाही. नट होण्यासाठी घर सोडून मुंबईला गेलेल्या मुलांच्या हालअपेष्टा त्यांनी ऐकलेल्या असतात. पण या खऱ्या काळजीत एक गैरसमज मिसळलेला आहे. चित्रपट शिकणे म्हणजे मौजमजा करणे, नटनट्यांच्या मागे हिंडणे, असे पुष्कळांना वाटते. हा गैरसमज दूर व्हायला हवा, असे माझे मत आहे. त्यासाठी चित्रपटाच्या विद्यार्थ्याचा दिवस कसा जातो, ते आधी पाहू या.

आपल्या महाराष्ट्रात पुणे येथे चित्रपटाचे शिक्षण देणारी एक मोठी शासकीय संस्था आहे. तिचे नाव भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था. ही संस्था १९६० साली सुरू झाली. जेथे ती उभी आहे, तेथे पूर्वी प्रभात फिल्म कंपनीचा स्टुडिओ होता. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली ही कंपनी १९३३ साली पुण्यास आली. 'संत तुकाराम' हा तिचा चित्रपट १९३६ साली पडद्यावर आला आणि पुढच्याच वर्षी इटलीतील व्हेनिस येथील महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल या दोघांनी मिळून तो दिग्दर्शित केला होता. फत्तेलाल यांना सारे लोक प्रेमाने 'साहेबमामा' म्हणत. या दोघांच्या काळी चित्रपटाचे कॉलेज नव्हते. कोल्हापूरचे कलावंत बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली काम करता करता ते शिकले. पडदे रंगवणे, कॅमेरा दुरुस्त करणे, देखावे उभारणे, अशी पडेल ती कामे त्या काळी करावी लागत. ज्या जागी साहेबमामांनी देखावे उभारले, त्याच जागी आजचे विद्यार्थी धडे घेतात.

येथील विद्यार्थ्याचा दिवस सुतारकाम शिकणाऱ्या मुलाच्या दिवसासारखा कष्टाचा असतो. वर्गात व्याख्याने होतात. त्यानंतर हाताने करायची कामे असतात. जड दिवे उचलावे लागतात, तारा गुंडाळाव्या लागतात, भिंग जपून पुसावे लागते. संध्याकाळी चित्रपटगृहात देशोदेशींचे चित्रपट दाखवले जातात. ते पाहून झाले, की त्यांवर चर्चा होते. संस्थेच्या आवारात एक आंब्याचे झाड आहे. विद्यार्थी त्याला ज्ञानवृक्ष म्हणतात. त्याच्या सावलीत बसून वाद घालणे, हासुद्धा शिक्षणाचाच एक भाग मानला जातो.

चित्रपट पडद्यावर पाहताना तो किती कष्टाने घडतो, हे आपल्या ध्यानात येत नाही. नेहमीच्या चित्रपटात एका सेकंदाला २४ चित्रे डोळ्यांसमोरून जातात. म्हणजे पाच मिनिटांच्या लहानशा चित्रपटात ७,२०० चित्रे झाली! समजा, एक मुलगी भिजलेली छत्री उजव्या हातात धरून दारातून आत येते. दाराबाहेरचा भाग सोमवारी चित्रित केला आणि घरातला भाग गुरुवारी. गुरुवारी छत्री डाव्या हातात दिसली किंवा कोरडी राहिली, तर सगळी मेहनत वाया जाते. असा मेळ राखण्याचा सराव विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा करावा लागतो.

चित्रीकरणाच्या आरंभी एक पाटी 'टाक्' असा आवाज करून मिटतात, हे तुम्ही पाहिले असेल. अनेकांना ती केवळ ऐट वाटते. पण चित्र एका यंत्रावर आणि आवाज दुसऱ्या यंत्रावर नोंदला जात असतो. नंतर दोन्हींची जोडणी करायची असते. पाटी मिटल्याचे चित्र आणि 'टाक्' हा आवाज एकत्र आणला, की पुढचे सारे बोलणे ओठांशी जुळते. चित्रपटात अशी प्रत्येक गोष्ट कारणाने घडते. ते कारण समजून घेण्यासाठीच कॉलेज हवे.

''पण आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. त्यावर कोणीही चित्रण करतो. मग शिकायचे ते काय?'' असे तुम्ही विचाराल. प्रश्न योग्य आहे. पण पेन हाती आले म्हणून कोणी लेखक होतो का? मोबाइलने चित्र टिपता येते. कोणते चित्र टिपावे आणि कोणते सोडून द्यावे, हे मात्र मोबाइल सांगत नाही. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वी, १९१२ साली, एक प्रयोग केला होता. कुंडीत वाटाणा पेरून त्यांनी त्याची रोज थोडी थोडी छायाचित्रे घेतली. ती पडद्यावर एकापाठोपाठ एक दाखवली, तेव्हा पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत रोप वाढले. एका रोपासाठी इतके दिवस थांबण्याची तयारी, हाच त्यांच्या कलेचा पाया होता.

या शिक्षणाचा मला सर्वांत मोठा वाटणारा गुण वेगळाच आहे. येथे कोणालाही एकट्याने काही करता येत नाही. दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी, संकलन, कलादिग्दर्शन असे निरनिराळे विभाग असतात. एक चित्रपट करायचा, तर या सर्व विभागांच्या विद्यार्थ्यांना एकत्र यावे लागते. एक जण केरळचा, दुसरा बंगालचा, तिसरी विदर्भाची. भाषा निराळ्या, जेवण निराळे. तरीही रापण ओढताना जसे दोराला सर्वांचे हात लागतात, तसेच येथेही होते. एकाने दोर सैल सोडला, तर जाळे किनाऱ्याला लागत नाही.

आणि पडद्यावर ज्याचा चेहरा दिसतो, तोच काय तो मोठा, हाही एक भ्रमच आहे. रसूल पुकुट्टी हे केरळमधील एका लहान खेड्यातले. त्यांनी पुण्याच्या याच संस्थेत ध्वनीचे शिक्षण घेतले. २००९ साली त्यांना ध्वनिमिश्रणासाठी ऑस्कर पुरस्कार मिळाला. रेणू सलूजा याच संस्थेत संकलन शिकल्या आणि उत्तम संकलक म्हणून नावाजल्या गेल्या. भानू अथैया या कोल्हापूरच्या. 'गांधी' या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी त्यांना १९८३ साली ऑस्कर मिळाले. हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. मुलींनो, ही नावे घरी अवश्य सांगा.

आता आपल्या किनाऱ्याकडे परत येऊ. चित्रपट शिकण्यासाठी पुण्याला जावे लागेल, हे खरे. पण त्याचा पहिला धडा आपल्या जिल्ह्यातच आहे. कुडाळजवळ पिंगुळी हे गाव आहे. तेथील ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जपली आहे. कागदावरील चित्रे एकामागून एक दाखवत आणि गात गात चित्रकथी गोष्ट सांगतो. चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागे नाचवून त्यांच्या सावल्यांचा खेळही हे लोक करतात. मागे दिवा, मध्ये पडदा, पुढे लोक! चित्रपटगृहात तरी याहून निराळे काय असते? ही कला टिकवणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री हा सन्मान मिळाला. दशावतारी नाटकाचे पाहा. कलावंत आपला चेहरा स्वतः रंगवतो आणि लिहिलेले संवाद नसतानाही रात्रभर बोलतो. अशा भूमीतील मुलांना गोष्ट सांगण्याची कला परकी कशी असेल?

म्हणून माझे मत मी स्पष्ट सांगतो. ज्याला किंवा जिला या कामाची खरी ओढ आहे, त्याला केवळ 'सिनेमा' या शब्दाच्या भीतीने अडवू नये. पण ओढ खरी आहे की पडद्यावर चेहरा झळकवण्याची हौस आहे, हे आधी तपासून पाहावे. घर सोडून पळून जाण्याची काहीच गरज नाही. 'तीन महिन्यांत हिरो बनवू' असे सांगून भरमसाट पैसे मागणाऱ्या जाहिरातींच्या नादी तर मुळीच लागू नये. पुण्याच्या संस्थेत बहुतेक अभ्यासक्रमांसाठी पदवी लागते, प्रवेश परीक्षाही द्यावी लागते. तेव्हा आधी पदवी घ्यावी. चित्रपटाचे काम मिळाले नाही, तर ती पदवी उपयोगी पडेल. शिवाय इतिहास, भूगोल, विज्ञान, काव्य यांतले काहीच चित्रपटात वाया जात नाही. आईवडिलांनीही एक करावे. मुलाला ''नाही'' म्हणण्याआधी ''तू काय शिकणार, ते मला समजावून सांग,'' असे म्हणावे. ज्याला ते नीट समजावून सांगता येत नाही, त्याची तयारी अजून झालेली नाही, असे खुशाल समजावे.

तुमची स्वतःची परीक्षा तुम्ही आजच घेऊ शकता. पैसे लागत नाहीत, कॅमेराही लागत नाही. सकाळी किनाऱ्यावर जा. रापण ओढून झाली आहे. जाळ्यात मासळी फार थोडी आली आहे. आता ही गोष्ट वहीत अशी लिहा, की तीत एकही माणूस बोलणार नाही आणि मासळीही दिसणार नाही. फक्त चेहरे, हात, दोर, टोपल्या आणि वाळू यांवरून वाचणाऱ्याला कळले पाहिजे, की आज चूल पेटायची पंचाईत आहे.

हे लिहिताना तुम्ही दोर ओढणाऱ्या माणसाकडे प्रथमच नीट पाहाल. त्याच्या तळहातावरचे घट्टे तुम्हांला दिसतील. रिकामी टोपली घेऊन परतणाऱ्या बाईची चाल दिसेल. रोज समोर असूनही हे आजवर दिसले नव्हते! पुढे तुम्ही चित्रपट काढा किंवा दुकान चालवा, शिक्षक व्हा किंवा होडी वल्हवा. दुसऱ्याचे दुःख न सांगता ओळखणारी ही नजर तुम्हांला जन्मभर पुरेल. मग आजोबांनाही सांगता येईल, की कॉलेज हवे ते सिनेमा बघण्यासाठी नव्हे, माणसे बघण्यासाठी.