अडगळ आणि आहेर

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीने करमाळा, माढा, मोहोळ या तालुक्यांतील गावांना वेढा घातला, तेव्हा सोलापूर जिल्ह्यात घटस्थापनेची झाडलोट चालू होती. माळ्यावरच्या पेट्या खाली उतरण्याचे, अंथरूण-पांघरूण धुऊन निघण्याचे हेच दिवस. शेजारच्या तालुक्यात संसार वाहून गेला असताना घरातून निघालेले सामान तिकडे पाठवावे, असे माळशिरसच्या गृहिणीस वाटणे स्वाभाविकच होय. तथापि घर मोकळे करणे आणि दान करणे ही एकच क्रिया नव्हे.

डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून गेलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. ते निवडून उपयोगात आणण्याचे काम 'गूंज' या संस्थेस करावे लागले. तिचे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार लाभला. कपडा निवडणे, धुणे, दुरुस्त करणे हे केवढे मोठे काम आहे, याची ती पावतीच म्हणावी लागेल.

आपल्या दारी येणारी बोहारीण जुनी साडी उजेडात धरून पाहते आणि विरलेली असेल तर निःसंकोच परत करते. तिने नाकारलेले वस्त्र पूरग्रस्ताच्या गाठोड्यात जावे, हा कोणता न्याय? भांड्याच्या सौद्यात आपण जी लाज राखतो, ती धर्मकार्यात का सुटावी?

माळशिरसला हे शिकवण्याची वस्तुतः गरज नाही. आषाढीच्या वाटेवर ज्ञानेश्वर माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर येथे मुक्कामास असते; तुकोबांची अकलूजला येते. त्या दिवशी कोणत्या घरातून वारकऱ्यास शिळी भाकरी दिली जाते?

चिखलाने भरलेल्या घराला हवी असतात स्वयंपाकाची भांडी, कोरडे अंथरूण, वह्या-पुस्तके. वृद्धेला नऊवारी लागते. तिथे पंजाबी पोशाखांचा गठ्ठा निरुपयोगी. कार्यकर्त्यांनी स्त्री, पुरुष, बालक असे कपडे वेगळे बांधून वर चिठ्ठी लावली, तर वाटपाच्या वेळी गाठोडी चिखलात सोडावी लागत नाहीत. फाटके सुती धोतर टाकाऊ नव्हे, परंतु त्याची वाकळ आधी घरी शिवावी आणि मग ती पाठवावी.

आणि जनावरे? ज्या गोठ्यातला कडबा कुजला, तिथे पुढची ज्वारी निघेपर्यंत वैरण विकत घ्यावी लागते. नीरेच्या कालव्यावर माळशिरसमध्ये ऊस उभा असतो. तोड सुरू झाली की त्याचे वाढे ट्रॉलीत भरून सीनाकाठी नेता येते.