कोरियन पँट आणि टेकडीवरची शिलाई

गेल्या स्नेहसंमेलनात 'पेहराव दिना'ला आमच्या वर्गातील सात मुली आणि दोन मुलगे ढगळ पँट, आखूड जाकीट अशा 'कोरियन' थाटात अवतरले, आणि त्यावर प्राध्यापक-कक्षात पुढे आठवडाभर चर्चा चालू होती असे ऐकते. एका सरांनी तर भर तासाला विचारले, "तुम्हांला आपले असे काही उरले आहे की नाही?" सरांचा पूर्ण मान राखून एवढेच म्हणते की, त्या वेळी सरांनी घातलेली पँटही काही पैठणला विणलेली नव्हती. परक्याचा पेहराव उचलणे हा गुन्हाच असेल तर तो ह्या कॉलेजात आमच्या आधी पुष्कळांनी केला आहे. माझ्या लेखी तो वाद तेथेच मिटला.

मला बोलायचे आहे ते वेगळेच. ती पँट नेसणाऱ्यांनी आणि तिला नाके मुरडणाऱ्यांनी, दोघांनीही तिची शिवण कधी उलटून पाहिली आहे काय? मीही पाहिली नव्हती, हे आधीच कबूल करते.

माझी ताई सोलला संशोधनासाठी आहे. गेल्या मे महिन्यात तिच्याकडे आठ दिवस राहण्याचा योग आला. लोक राजवाडे बघायला जातात. मी मात्र घरून निघतानाच ठरवले होते की, दोंगदेमुनला जायचे आणि पोटभर कपडे पाहायचे. दोंगदेमुन म्हणजे पूर्वेचा थोरला दरवाजा. जुन्या नगरकोटाची ही पूर्वेकडची वेस. आज दिसते ती १८६९ साली पुन्हा बांधलेली. वेशीच्या चहूबाजूंनी मोटारींचा लोंढा वाहत असतो आणि पलीकडे कपड्यांच्या बाजाराच्या इमारती, एकीला एक खेटून. जवळच झाहा हदीद ह्या स्थापत्यकार बाईंनी रचलेली, २०१४ साली खुली झालेली ती प्रसिद्ध चंदेरी इमारत आहे. तिला कोपरा म्हणून नाहीच. तेथे १९२५ सालचे क्रीडांगण होते. ते पाडून पाया खणताना जमिनीखाली नगरकोटाचा दडलेला भाग सापडला, तो आता उघडा ठेवला आहे. इमारतीपुढे मुले-मुली एकमेकांची छायाचित्रे काढीत होती. त्यांच्या कपड्यांकडे मी अधाशासारखी पाहत राहिले. एवढे ढगळ कपडे आणि तरी गबाळेपणा नाही, हे कसे जमते? ताई म्हणाली, "खांद्याची शिवण बघ." ती नेमकी कोठे उतरवायची ह्यातच सगळी खुबी आहे.

पण खरा बाजार रात्रीचा. दुकाने आवरून शहर झोपायला लागते तेव्हा येथील घाऊक व्यापार उघडतो आणि पहाटेपर्यंत चालतो. रात्री अकराच्या सुमारास आम्ही गेलो तर पदपथावर माणसाएवढे गठ्ठे रचलेले, आणि मोटारसायकलींच्या मागे घोड्यावर लादावीत तशी ओझी. गावोगावच्या दुकानदारांसाठी माल उचलणारी काही माणसे असतात. त्यांना सारे 'सामचोन' म्हणतात. म्हणजे चक्क 'काका'! मी एका दुकानात एक करडे जाकीट उचलून अंगाला लावून पाहिले, तर दुकानदारीणबाईंनी ते हातातून काढून घेतले. एकेक नग विकणे नाही, घालून पाहणे तर नाहीच. मला राग आला. नंतर कळले की एक नग मागणारे गिऱ्हाईक तेथे वाटेत बसलेल्या मांजरासारखे. सुट्या खरेदीसाठी शेजारी उंच उंच इमारती आहेत, तेथे सरकते जिने आहेत, आरसे आहेत, आणि आमच्यासारख्या हौशी बायकांची झुंबड आहे.

ह्या बाजाराचे मला मनापासून कौतुक वाटले हेही सांगितले पाहिजे. कापड, बटणे, चेन, लेस ह्यांचा एक अवाढव्य बाजार तेथेच आहे, १९७० सालापासूनचा. नमुना बेतणारे तेथेच, कापणारे तेथेच, शिवणारे शेजारच्या टेकडीवर, विकणारे पायथ्याशी. आज मनात आलेला सदरा दोन-तीन दिवसांत दुकानात टांगलेला! आपण ज्याला 'फॅशन' म्हणतो ती कोणा एका प्रतिभावंताच्या डोक्यातून टपकत नाही. ती अशा पायी फिरता येण्याजोग्या मोहल्ल्यातून निघते. (तेथेही सगळे सोवळे नाही. चिनी कपड्यांवर कोरियाची चिठ्ठी शिवण्याच्या भानगडी उघडकीस आलेल्या आहेत. तेव्हा तुळशीबागेतील 'ओरिजिनल कोरियन'ने कोरिया पाहिला असेलच असे नाही.)

दुसऱ्या दिवशी उजेडी ताईने मला चोंगग्येचोन ओढ्याच्या काठाने नेले. हा ओढा कित्येक वर्षे रस्त्याखाली गाडलेला होता, त्याच्यावर आणखी उड्डाणरस्ता. २००५ साली तो पुन्हा उघडा केला. काठावर एक लांबच लांब जुनी इमारत आहे, प्योंगह्वा बाजार. प्योंगह्वा म्हणजे शांतता. कोरियन युद्धात उत्तरेकडून निर्वासित झालेल्यांनी शिलाई यंत्रे मांडून येथे संसार उभे केले आणि साठीच्या दशकाच्या आरंभी ही इमारत उठली. आज खाली टोप्यांची दुकाने आहेत आणि त्यांच्या अधेमधे जुन्या पुस्तकांची चिंचोळी दुकाने. पुस्तके इतकी की मालकाने पदपथावर उभे राहावे.

समोरच्या पुलावर एका तरुणाचा अर्धपुतळा आहे. त्याचे नाव चोन थे-इल. ह्याच बाजारात तो कटिंग मास्तर होता. त्या काळी वरच्या मजल्यांवर कारखाने होते. एका मजल्याचे आडवे दोन माळे केलेले, ताठ उभे राहता येऊ नये इतक्या उंचीचे. तेथे तेरा-चौदा वर्षांच्या पोरी हाताखाली काम करीत, दिवसाचे चौदा-पंधरा तास. धागे-तंतू छातीत जाऊन खोकत. थे-इल बसच्या पैशांतून ह्या पोरींना खाऊ घेई आणि स्वतः रात्री मैलोगणती चालत घरी जाई. पुढे त्याला शोध लागला की देशात कामगारांच्या तासांचा कायदा आहे! त्याने ते पुस्तक मिळवले. पण ते सारे कठीण चिनी अक्षरांनी भरलेले. ह्याचे शिक्षण अर्धवट सुटलेले. आपल्याला एखादा तरी कॉलेजात शिकणारा मित्र असता, असे त्याला फार वाटे.

हे वाक्य ताईने सहज सांगितले. मी हातातल्या खरेदीच्या पिशवीकडे पाहिले.

त्याने कामगारांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या, सरकारी कचेरीत अर्ज केले. काही हलले नाही. १३ नोव्हेंबर १९७० रोजी, बावीस वर्षांचा असताना, कायदा पाळा अशी मागणी करीत त्याने बाजारासमोर आत्मदहन केले. त्याच महिन्यात तेथील शिलाई कामगारांची संघटना झाली. त्याची आई, ली सो-सन, २०११ साली वारली. तोवरची चाळीस वर्षे ती कामगारांच्या पाठीशी उभी होती.

पुढे हे कारखाने चांगसिन-दोंगच्या टेकडीवर घराघरांत पांगले. आम्ही ती टेकडी चढलो. चढ असा की पर्वतीची आठवण यावी, फक्त पायऱ्यांच्या जागी गल्ल्या. एका बाजूला तुटका कडा: जपानी अमदानीत येथून दगड काढून सरकारी इमारती बांधल्या. गल्लीत दुकानाची पाटी नाही, पण प्रत्येक दारामागून मशीनचा आवाज, इस्त्रीची वाफ नळीवाटे बाहेर पडते आहे, आणि गठ्ठे घेऊन मोटारसायकली खालीवर करताहेत. शिवणारे बहुतेक पन्नाशी-साठीचे. तरुण मुले ह्या कामाला येत नाहीत. एका उघड्या दारातून एक बाई दिसल्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मान डावीकडे कललेली, दोरा दातांनी तोडीत होत्या. थेट माझी आई.

आता हे लिहायला हवे. माझी आई पुढच्या खोलीत फॉल-पिको आणि ब्लाउज शिवते. मी तीन वर्षे ह्या कॉलेजात आहे आणि माझ्या एकाही मैत्रिणीला मी घरी नेलेले नाही. कारण विचारू नये. ज्यांना कळायचे त्यांना कळेल. साडेतीन हजार मैलांवर जाऊन परक्या बाईच्या मशीनपुढे मी कौतुकाने उभी राहिले, आणि घरच्या मशीनवर पाहुणे आले की चादर टाकते.

खाली उतरून ग्वांगजांग बाजारात बिनदेतोक खाल्ले. भिजवलेली मुगाची डाळ वाटून, भरपूर तेलात थापलेले जाडजूड धिरडेच ते. ते करडे नव्हे पण तशाच वळणाचे जाकीट सुट्या दुकानातून घेतले. घरी आईने ते प्रथम उलटे केले, अस्तर चाचपले, काखेतील टीप ओढून पाहिली आणि म्हणाली, "हात चांगला आहे बाईचा. घाई मात्र झालीय इथं." मग विचारले, "एका नगाला किती मिळत असेल गं तिला?"

कोरियन कपडे घालू नका असे मी म्हणणार नाही. मीच घालणार आहे. पण थे-इलला न भेटलेला तो कॉलेजातला मित्र आपल्या गावात तरी कोणाला भेटतो का, हा माझा प्रश्न आहे. घरी बसून शिलाई करणाऱ्या बायकांना केंद्र सरकारच्या ई-श्रम नोंदणीत नाव घालता येते. २०२१ सालापासून ही सोय आहे. माझ्या आईचे नाव त्यात नव्हते. अर्ज भरणे अवघड नाही, पण तो भरून देणारे कोणी आले नव्हते, आणि मी घरातच होते.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या सरांशी बोलले आहे. कॉलेज उघडल्यावर शनिवारी दुपारी संगणक कक्ष मिळेल असे ते म्हणाले. ज्यांच्या घरी, आळीत, वाड्यात कोणी शिवत असेल त्यांनी त्यांना घेऊन यावे. आधार कार्ड, त्याला जोडलेला मोबाइल आणि बँकेचे पासबुक बरोबर हवे. पेहराव दिनातील त्या नऊ जणांपैकी चौघांनी येण्याचे कबूल केले आहे. सरांनीही यावे, पँट कोणतीही चालेल.